चौथ्या मजल्यावरचा लाल

रफूगारांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी तीन सेकंदांत माझ्या दिवाणखान्याची शान, अकरा वर्षांची प्रतिष्ठा आणि मेहुण्याशी धरलेला अबोला, या तिन्ही गोष्टी एकदम उलट्यापालट्या केल्या. खरं तर त्यांनी उलटा केला होता फक्त माझा गालिचा.

हा गालिचा मी एका प्रदर्शनात 'अस्सल इराणी, हातविणीचा' म्हणून घेतला होता. त्याच्यापायी आमच्या घरात पाहुण्यांना मोजे तपासून आत घेत असू. दूध सांडणाऱ्या एका बाळाला ते शाळेत जाईपर्यंत पुन्हा बोलावणं गेलं नाही. मेहुण्याच्या सिगारेटची राख पडली, तेव्हापासून तीन वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. ते राखेचं भोक बुजवायला म्हणून मी गालिचा गुंडाळून, टॅक्सीच्या टपावर बांधून, एखाद्या सरदाराला न्यावं तशा थाटात रफूगारांच्या दुकानी आणला.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळाशी, जिन्याखालची तिरकी जागा. पुढच्या बाजूला माणूस उभा राहू शकतो, मागे गेला की आपोआप नम्र होतो. तिथे मांडी घालून एक सुकडा, चष्म्याच्या दोन जोड्या गळ्यात अडकवलेला गृहस्थ बसला होता. त्याने गालिच्याचा एक कोपरा चिमटीत धरून उलटा केला, आणि सोडून दिला.

"यंत्राचा आहे," ते म्हणाले. "आणि यंत्रसुद्धा कंटाळलेलं होतं."

"अहो, अस्सल इराणी आहे!"

"असेल की. विकणारा असेल."

मग त्यांनी माझ्याच गालिच्यावर बसवून माझी शिकवणी घेतली. गालिचा बघायचा तो पाठीकडून. हाताने मारलेली प्रत्येक गाठ मागे दिसते, नक्षी मागूनही पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते, आणि ओळी थोड्या हलतात, कारण विणणाऱ्या बाईला मध्येच शिंक येते, पोर रडतं, नवऱ्याचा राग येतो. यंत्राला नवरा नसतो. "ही झालर बघा. झालर म्हणजे गालिच्याचे केस. आतले उभे धागेच टोकाला बाहेर येतात, त्यांची झालर होते. मुळापासून आलेली पाहिजे. तुमच्याला टोप घातलाय." मी वाकून पाहिलं. खरंच, मशीनवर शिवलेला टोप होता. शेवटी त्यांनी ओला पांढरा रुमाल लाल फुलावर घासला. रुमाल गुलाबी झाला आणि माझा चेहरा पांढरा.

"सतरंजी म्हणून चांगली आहे," ते माझं सांत्वन करत म्हणाले. "पण सतरंजीला सतरंजी म्हणावं आणि गालिच्याला गालिचा. माणसाने एवढं तरी करावं."

संध्याकाळी मी मेहुण्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "कसली राख?"

गल्लीत रफूगारांना 'उलटकाका' म्हणत. त्यांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटून बघणार. सदऱ्याची शिवण आतून, बशी खालून, लग्नाची पत्रिका मागून. "मागे काहीच नाही?" असं पत्रिका देणाऱ्याला विचारत. गालिच्याच्या बाबतीत मात्र त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. पट्ट्यात कुठे लाल रंग एकदम फिका झाला की ते खूश होत. "इथे रंगाचं भांडं संपलं. दुसऱ्या दिवशी नवीन काढलं. तोच रंग पुन्हा कसा येणार? ही चूक नाही, ही सही आहे." आणि एखाद्या गिऱ्हाइकाने गालिचा कोपऱ्यांना धरून उचलला, तर मात्र हा किडकिडीत माणूस वाघासारखा गुरगुरत असे: "कोपऱ्याला धरायचं नाही! कडा ताणतात, आतले उभे धागे तुटतात! गुंडाळून, दोन हातांवर!" हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती हजार वेळा म्हटलं असेल, देव जाणे. ते पुढे आठवणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

त्यांची बायको चौथ्या मजल्यावर राहत असे. म्हणजे तेही तिथेच राहत, पण ते राहत आणि ती अडकलेली असे. चाळीस वर्षं दोघांनी मिळून काम केलं होतं. गाठी त्यांच्या, रंग तिचा. जुन्या गालिच्याच्या भोकात नवीन लोकर भरायची तर रंग तंतोतंत जुळायला हवा, आणि ते जुळवणं काकूंच्या हाती. मंजिष्ठेची मुळं, डाळिंबाच्या साली, अक्रोडाची टरफलं, नीळ, तुरटी, असं सगळं त्या दीड खोलीच्या बिऱ्हाडात उकळत असायचं. लालासाठी नासलेल्या दुधाचं पाणी लागे. शेजारीपाजारी वासाने बेजार. "आमच्याकडे स्वयंपाक आणि रंग एकाच चुलीवर," काकू सांगत. "दोनदा ह्यांनी रंग पिऊन 'आज सार छान झालंय' म्हटलंय."

पण बंद खोलीतली लोकरीची धूळ, रंगाची वाफ आणि कसर मारायची पूड, यांनी चाळीस वर्षांत काकूंची छाती भरून टाकली. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या खाटेवर उशांना टेकून बसत, शेजारी हवा देणारं यंत्र घरघरत असे, आणि बोलणं तीन-चार शब्दांच्या तुकड्यांत येई. पण जिभेची धार तीच. एका श्वासात एक टोमणा बसला पाहिजे, म्हणून त्या टोमणे मोजून, नेमके मारत.

"डॉक्टर म्हणतात... आत लोकर साठलीय." श्वास. "अख्खा गालिचा असेल." श्वास. "ह्यांना म्हटलं... उलटून बघा."

वर्षभर त्या खाली उतरल्या नव्हत्या. इमारतीला लिफ्ट नाही. बहात्तर पायऱ्या आणि प्रत्येक मजल्याला असं वळण की तिथे जाड माणूस स्वतःलाच वाट देतो. एकदा शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून न्यायचा प्रयत्न केला, तर पहिल्याच वळणाला खुर्ची अडकली आणि काकू घुसमटून निळ्या पडल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: ही हवा, ही खोली यांना मारणार. तळमजल्यावर, उजेडाच्या, कोरड्या जागेत हलवा. थंडीच्या आत हलवा.

आणि तशी जागा होती. मागच्याच रस्त्यावर तळमजल्यावरची एक खोली, पुढे हातभर अंगण, खिडकीत दुपारी दोनपर्यंत ऊन. मालक म्हणाला होता, महिनाभर थांबतो. काकूंनी ती खोली पाहिली नव्हती, पण त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं की खाट खिडकीला लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची.

"इथून दिसतात... फक्त कबुतरं," त्या म्हणाल्या. "त्यांना किती... नावं ठेवणार?"

जागेला लागणारे पैसे रफूगारांकडे नव्हते. त्यांच्याकडे होता एक गालिचा.

ही खरी वस्तू. खाटेखाली पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. रफूगार उमेदवारी करत होते तेव्हा त्यांच्या उस्तादाकडे कुणा बड्या घराच्या आगीतून निघालेलं एक लक्तर आलं होतं. शंभर वर्षांपूर्वीचा इराणी गालिचा, एका बाजूने जळलेला, दुसऱ्या बाजूने कसरीने खाल्लेला, मधे होतं ते पाण्याने कुजलेलं. उस्तादाने ते पुसायला फडकं म्हणून दिलं. रफूगारांनी पुसलं नाही, उलटून पाहिलं. आणि मग बावीस वर्षं, दर रविवारी दुपारी, नवरा-बायकोने ते लक्तर भरत आणलं. नवे उभे धागे ओवले, आडवे घातले, गाठी मारल्या. पोरंबाळं नव्हती. दुसऱ्यांच्या घरी रविवारी भांडणं होतात, यांच्याकडे गालिचा होत होता. भांडणंही त्यावरच: "हा निळा रडका आहे." "तुझाच आहे." "माझा नाही, तुमच्या डोळ्याचा आहे."

गालिचा पुरा झाल्यावर कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं, ते खुद्द त्यांनाही बोटांनी चाचपून शोधावं लागे.

माझ्या ओळखीने गालिच्यांचा एक बडा पारखी यायचा होता. परदेशी व्यापाऱ्यांसाठी माल निवडणारा, वर्षातून एकदा आमच्या शहरात उतरणारा. मीच त्याला गाठला, मीच वेळ ठरवली, आणि आदल्या दिवशी मीच रफूगारांना बजावलं, "तोंडातून शब्द काढायचा नाही."

"पण त्याने विचारलं तर?"

"तर खोका."

"मला खोकला नाही. हिला आहे."

"उसना घ्या!"

काकू उशीवरून म्हणाल्या, "एक दिवस... गप्प राहा." श्वास. "चाळीस वर्षं... मी राहिले." हे इतकं धडधडीत खोटं होतं की आम्ही तिघंही हसलो, आणि हसण्याने काकूंना जी धाप लागली ती पाऊण तास उतरली नाही. रफूगार त्यांची पाठ चोळत बसले होते. मला दाराशी सोडायला आले तेव्हा म्हणाले, "बोलणार नाही मी. शपथ. हिला खाली आणायचंय मला. काहीही करून."

दुसऱ्या दिवशी पारखी आला. हातात काठी, खिशात भिंग, नाक असं की वासानेच लोकरीचं वय सांगेल. जिन्याखालच्या त्या जागेत तो गुडघ्यांवर बसला. पांढरं कापड सुटलं. तळहात गालिच्यावरून एका दिशेने फिरवला, मग उलट्या दिशेने. कोपरा उलटला. भिंग लावून बोटभर जागेत गाठी मोजल्या. झालर ओढून पाहिली. थुंकीने रुमाल ओला करून लालावर, निळ्यावर, पिवळ्यावर घासला. रुमाल पांढराच. वास घेतला. हे सगळं होईपर्यंत माझा श्वास काकूंच्या मापाने चालू होता.

"शंभर वर्षं तरी," तो म्हणाला. "घरगुती हात आहे, कारखान्याचा नाही. आणि आश्चर्य म्हणजे कुठे हात लागलेला दिसत नाही." मग त्याने एक आकडा सांगितला. त्या आकड्यात मागच्या रस्त्यावरची ती खोली येत होती, वर काकूंच्या औषधांची काही वर्षं येत होती, आणि मी मागच्या मागे तिरक्या छताला डोकं आपटून घेतलं.

रफूगार गप्प होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. कुणी त्यांचा फोटो काढला असता, तर 'मौन' या शब्दापुढे छापता आला असता.

इथे पारख्याने कागद काढून सही करायला हवी होती. पण पारखीही शेवटी प्रेमात पडणारा माणूस. तो पुन्हा वाकला, आणि मधल्या मोठ्या गोल नक्षीच्या डाव्या अंगाला, वीतभर लाल होता, त्यावर बोट ठेवलं.

"हा लाल बघा," तो मला म्हणाला. "असा लाल आता होत नाही. ज्या बायका हा काढायच्या, त्या मेल्या. त्यांच्याबरोबर हा रंगही मेला. आज जगात हा लाल करणारं एक माणूस दाखवा."

मी रफूगारांकडे पाहिलं, तर त्यांचे हात मांड्यांखालून बाहेर आले होते.

"वर आहे," रफूगार म्हणाले.

मी खोकलो. इतक्या जोरात खोकलो की रस्त्यावरचा कुत्रा भुंकला.

"काय?"

"चौथ्या मजल्यावर. जिवंत आहे ती. हा तिचा लाल आहे. अकरा वेळा बिघडला, बाराव्यांदा आला. मेली म्हणू नका."

"वेडेपणा करू नका. हा शंभर वर्षांचा..."

"तो तिकडचा शंभर वर्षांचा. तुम्ही बोट ठेवलंत तो तिचा." आणि मग धरण फुटावं तसा तो माणूस बोलत सुटला. आयुष्यभर त्यांचं काम म्हणजे काम केलंय हे कुणाला कळू न देणं. कळलं तर बिघडलं. चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने 'वा' म्हटलं नव्हतं, कारण 'वा' म्हणायला काही दिसतच नसे. आज पहिल्यांदा जगातल्या सर्वांत जाणत्या माणसाने त्यांच्या बायकोच्या रंगाला दाद दिली होती, आणि त्याच तोंडाने तिला मारूनही टाकलं होतं. त्यांनी बोट धरून धरून दाखवलं: इथून इथपर्यंत मी, ही कड मी, हा निळा तिचा, ही झालर आतून ओवलेली. पारखी भिंग घेऊन त्यांच्या बोटामागून सरकत होता, आणि जसजसा सरकत होता तसतसा त्याचा चेहरा आधी विस्मयाने उजळत गेला आणि मग व्यापाऱ्यासारखा बंद होत गेला.

"अर्ध्याहून जास्त," तो शेवटी म्हणाला.

"दोन तृतीयांश," रफूगार अभिमानाने म्हणाले. आणि मग त्यांना कळलं.

पारखी वाईट माणूस नव्हता. उठताना त्याने रफूगारांच्या खांद्यावर हात ठेवला. "असं काम मी पाहिलं नाही. पण मी काम विकत घेत नाही हो, वय विकत घेतो. इतकी दुरुस्ती म्हणजे... दहावा हिस्सासुद्धा देता येणार नाही मला." दारातून वळून म्हणाला, "बोलायचं नव्हतं तुम्ही."

"नव्हतं," रफूगार म्हणाले.

आम्ही वर गेलो. बहात्तर पायऱ्या मी कधी इतक्या सावकाश चढलो नाही. काकू नीट बसून, केस विंचरून वाट बघत होत्या. नवऱ्याचं तोंड बघूनच त्या म्हणाल्या, "बोललात."

रफूगारांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, तो त्यांचा आजारच होता.

"काय म्हणाला... लालाला?"

"म्हणाला, असा लाल आता होत नाही."

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. काकूंच्या चेहऱ्यावर एक लाजरं, नव्या नवरीचं हसू आलं, आणि मी एवढ्या संकटातही मनात म्हटलं, चला, निदान एवढं तरी मिळालं.

"आणि खोली?" त्यांनी विचारलं.

रफूगारांनी मान हलवली.

टोमणा नाही, शिवी नाही. काकू हळूहळू भिंतीकडे वळल्या. ते यंत्र घरघरत राहिलं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर आम्ही दोघं उभ्या उभ्या जगलो असतो.

नंतरचे तीन आठवडे मी एका शहाण्या माणसाला खोटं बोलायला शिकताना पाहिलं. रफूगारांनी दुकान बंद ठेवलं आणि तो गालिचा दोन हातांवर घेऊन शहरातल्या यच्चयावत व्यापाऱ्यांकडे ते फिरले. आता त्यांची पूर्ण तयारी होती. "दुरुस्ती नाही," असं ते आरशासमोर म्हणून बघत. मी परीक्षा घेत असे. "डोळे खाली नका घालू. परत म्हणा." "दुरुस्ती नाही." "हं, आता चाललं." पण त्या धंद्यात बातमी लोकरीतल्या कसरीपेक्षा लवकर पसरते. पारख्याने हा चमत्कार कौतुकाने चारचौघांना सांगितला होता. जिथे जावं तिथे व्यापारी उठून उभे राहत, हात जोडत, चहा मागवत आणि म्हणत, "तोच ना, दोन तृतीयांशवाला? दाखवा, दाखवा, सगळे म्हणतात कळतच नाही." पहिल्यांदाच त्यांना शहरभर 'वा' मिळत होती. गिऱ्हाईक मात्र एक नव्हतं. शेवटी एकाने दहाव्या हिश्शाचाही निम्मा सांगितला. तो घ्यायचा म्हणून ते खोलीच्या मालकाकडे धावत गेले, हप्त्याने देतो म्हणून त्याच्या दारात अक्षरशः हात जोडून उभे राहिले. महिना उलटला म्हणून मालकाने खोली आदल्या दिवशीच एका दातांच्या डॉक्टरला दिली होती.

थंडी पडली. दुसऱ्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला काकूंना धाप लागली ती थांबेना. मी पोचलो तेव्हा रुग्णवाहिका खाली उभी होती आणि तिची माणसं स्ट्रेचर घेऊन पहिल्या वळणावर अडकली होती. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, वळेना. वर काकूंचे ओठ निळे. चादरीत घालून न्यावं म्हणून एकाने चादर ओढली, ती जुनी होती, टरकन फाटली.

तेव्हा रफूगारांनी खाटेखालून गालिचा ओढून काढला. जमिनीवर पसरला. काकूंना त्यावर ठेवलं, आणि म्हणाले, "धरा कोपरे."

चार कोपरे चौघांनी धरले. एक मी धरला होता. ते हवेचं नळकांडं छातीशी धरून पुढे, आम्ही मागे. गालिचा वळणावर वळला, जिन्यात दुमडला, सगळा भार घेऊन ताणला, आणि एक धागा तुटला नाही. बहात्तर पायऱ्या आम्ही चार मिनिटांत उतरलो. चौथ्या पायरीपासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट ठोके देत होती: हे चौदा महिन्यांपूर्वी जमलं असतं. रोज जमलं असतं. सकाळी खाली, संध्याकाळी वर. गल्लीतली चार माणसं हसत तयार झाली असती. पण जगातल्या कुणालाही आधी सुचलं असतं ते त्या एकाच माणसाला सुचणं शक्य नव्हतं. गालिचा कोपऱ्यांना धरून उचलायचा नसतो. रफूगारांचा चेहरा मला दिसत नव्हता. मला वाटतं, त्यांनाही पायरीगणिक तेच कळत गेलं असावं, कारण शेवटच्या मजल्याला ते मोठ्याने रडत होते.

खाली रस्त्यावर, रुग्णवाहिकेचं दार उघडेपर्यंत, आम्ही गालिचा क्षणभर फुटपाथवर टेकवला. ऊन होतं. काकूंनी डोळे उघडले. चौदा महिन्यांनी रस्ता दिसत होता, पण त्या रस्त्याकडे बघत नव्हत्या. मान वळवून स्वतःच्या हाताखालच्या लालाकडे बघत होत्या. तो लाल त्यांनी कायम घरातल्या ट्यूबलाइटखालीच पाहिला होता.

"अहो," त्या म्हणाल्या. श्वास. "इथे... जरा... गडद झालाय."

"नाही गं," रफूगार म्हणाले. "बरोबर आहे."

"तुमचा डोळा," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. रुग्णालयाच्या खिडकीवरच्या कारकुनाने सामान परत देताना यादी वाचून दाखवली: चष्मा एक, शाल एक, जुनी सतरंजी एक. रफूगारांनी सही केली.